देवचंद मिस्त्रीचा कान

चाळीसगावातून धुळ्याकडे निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला देवचंद मिस्त्रीचं गॅरेज लागतं. पाटीवरची अक्षरं कधीच उडाली, पण पाटी वाचायला तिथे येतंय कोण! ट्रॅक्टर खोकायला लागला, काळा धूर ओकायला लागला, की आसपासच्या खेड्यांतला माणूस गाडी तशीच रखडवत तिथे आणून उभी करतो. मग मालक सांगायला लागतो, 'मिस्त्री, चढावर दम सोडते, सकाळी लवकर चालू होत नाही...' आणि देवचंद हात वर करून त्याला गप्प करतो.

"तू नको बोलू. तिला बोलू दे."

मग तो गाडी चालू ठेवतो, हातभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घेतो, एक टोक इंजिनाला टेकवतो आणि दुसरं कानाला. डोळे मिटतो. दोन मिनिटं, कधी पाच. मालक बिचारा घाम पुसत उभा. मग हा डोळे उघडतो आणि म्हणतो, "तीन नंबरचा सिलिंडर मिस करतोय." खोलून बघावं तर तीन नंबरच. पंचवीस वर्षांत गॅरेजात त्याचा कान चुकला असं सांगणारा माणूस भेटायचा नाही. घरात मात्र चुकला, आणि असा चुकला की आता पेचकस कानाला लावला तरी तो आधी मालकालाच विचारतो. गिऱ्हाईक म्हणतं, वय झालं मिस्त्रीचं. पन्नाशीला कसलं आलंय वय!

हा देवचंद आधी कोण होता, ते आता कुणी तोंडावर बोलत नाही. लग्नानंतरची चार वर्षं त्याने बाटलीत घातली. सविता दवाखान्यात बाळंत झाली, पोरगी झाली, तेव्हा हा पठ्ठ्या स्टेशनमागच्या गटाराच्या कडेला तोंडावर माशा घोंगावत पडलेला. त्याची आई, द्रौपदाबाई, त्याला हुडकत गेली आणि बघून तशीच परतली. घरी येऊन तिने दोन दिवस तोंडात घास घातला नाही.

त्याला बाहेर काढलं ते कौतिकनानांनी. नाना म्हणजे रिटायर झालेले मास्तर, रविवारी विहारात पोरांचा वर्ग घ्यायचे. त्यांनी देवचंदला धरून श्रामणेर शिबिराला, थोडे दिवस भिक्खू होऊन राहायला, नेऊन बसवलं. डोकं भादरलं, अंगावर चीवर आलं, दहा दिवस पहाटे उठणं, एकवेळ जेवण, पंचशीलाचा अर्थ. अकराव्या दिवशी देवचंद घरी आला तो वेगळाच माणूस. त्यानंतर त्याने थेंबाला शिवलं नाही. बिडी सुटली, पत्ते सुटले, मित्र सुटले. संध्याकाळी घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लागायची, आणि वंदनेत पाचवं शील, दारूचं, आलं की देवचंदचा आवाज असा चढायचा की शेजारच्या घरातलं तान्हं दचकायचं. सविता त्या आवाजाच्या भरवशावर रात्री निश्चिंत झोपायला लागली.

आता, जो असा तळातून वर आलेला असतो ना, त्याचा एक स्वभाव होऊन बसतो. त्याला थोडं चालत नाही. एका घोटाने आपल्याला बुडवलं, हे त्याच्या हाडात भिनलेलं असतं. त्यामुळे दार लोटून ठेवणं त्याला जमतच नाही. त्याला कुलूप लागतं.

सपना पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. देवचंद गॅरेजातून आला तर पोरगी टीव्हीपुढे. देवाची कुठली तरी मालिका चाललेली, आणि ही डोळे मिटून, हात जोडून, ओठ हलवत उभी. देवचंदच्या पायाखालची जमीन हलली. आपण देव न मानायची प्रतिज्ञा घेऊन आलो, आपल्या बापाने आयुष्यभर ज्यापायी अपमान गिळले ते सगळं मागे टाकलं, आणि आपल्याच घरात आपलीच पोरगी खोक्यापुढे हात जोडते! दुसऱ्याच दिवशी टीव्ही भंगारवाल्याच्या गाडीवर गेला. पोरगी भोकाड पसरून रडली. ती त्या देवाकडे काय मागत होती, हे त्याने विचारलं नाही. सविताला ठाऊक होतं, पण ती भीतीने बोलली नाही. बोलली ती फार उशिरा: पोरगी म्हणत होती, पप्पांना पुन्हा दारू पिऊ देऊ नको.

टीव्हीपासून सुरू झालं आणि मग ते वाढतच गेलं. देवादिकांच्या मालिका नकोत, हे विहारात येणाऱ्या पुष्कळ घरांत होतं, त्यात नवल नव्हतं. पण देवचंदने भुताखेताचं बंद केलं, मग जादूचं, मग कार्टून, मग सिनेमा, मग सिनेमाची गाणी. जयंतीच्या मिरवणुकीतली गाणी तेवढी चालायची. ती डीजेवर वाजायला लागली तेव्हा तीही नकोशी झाली. घरात एकच चांगला मोबाइल, तो देवचंदच्या खिशात, पार्टचे फोटो मागवायला. सविताकडे बटणांचा. पोरांकडे काही नाही. द्रौपदाबाई एकदा चिडून म्हणालीच, "टीव्ही नही, मोबाइल नही, मंग पोरे करतीन काय रे? भीतकडे देखतीन का?"

"अभ्यास करतील," देवचंद म्हणाला आणि विषय संपला.

आणि त्याच्या घरची ती रीत. तशी रीत दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हती, ती त्याचीच काढलेली. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून पंचशील म्हणायचं, आणि दिवसभरात ज्याच्या हातून जे शील मोडलं असेल, त्या ओळीला त्याने गप्प राहायचं. बस्स, एवढंच. वंदना पुरी होऊ द्यायची, 'साधु, साधु, साधु' म्हणायचं, मग देवचंद विचारणार, "काय?"

सुरुवातीला किती गोड होतं ते! सपना सहा-सात वर्षांची, दुसऱ्या शीलाला, चोरीच्या, ओठ घट्ट मिटून बसायची आणि हसू दाबता दाबता लाल व्हायची. "काय?" विचारलं की म्हणायची, "डब्यातली साखर." देवचंद तिला उचलून खांद्यावर घ्यायचा आणि अंगणात फेरी मारायचा. मिस्त्रीच तो, चार-पाच आवाजांतून कुणाचा गळाला हे त्याला डोळे मिटूनही कळायचं. त्याला वाटायचं, अशी खरी बोलणारी पोरं गावात कुणाकडे नाहीत.

पण पोरं मोठी होतात हो. साखरेच्या जागी दुसरं येतं. सपना नववीत असताना एका संध्याकाळी चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, गप्प राहिली. निघालं काय, तर मैत्रिणीकडे अभ्यासाला म्हणून गेली आणि तिथे सिनेमा बघून आली. यावेळी खांद्यावर फेरी नव्हती. महिनाभर मैत्रीण बंद, केसातल्या रिबिनी बंद, आणि रोज शंभर वेळा चौथं शील लिहायचं. धाकटा प्रशील शाळेतून येताना दुकानासमोर उभा राहून क्रिकेट बघायचा, त्यालाही तेच. कौतिकनानांच्या कानावर गेलं तेव्हा ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "देवचंद, शील ज्याचं त्याने तपासायचं असतं. दुसऱ्याने कान लावून ऐकायचं नसतं ते."

"नाना, लहान आहेत. मोठी झाली की तपासतील."

नाना कप खाली ठेवून उठले. कुणाच्या घरात किती बोलायचं, याची त्यांना समज होती.

आणि पोरं काय शिकली? छोटं सांगायचं आणि मोठं लपवायचं. चिंच चोरली, मिटलेले ओठ. दोन मिनिटं रस्त्यात थांबलो, मिटलेले ओठ. बापाला वाटायचं, व्वा! आणि खरोखरीचं काही असलं, की त्या दिवशी त्याच ओळीला आवाज खणखणीत लावायचा. सपना अकरावीत गेली तेव्हापासून तिचा चौथ्या शीलाचा आवाज असा स्वच्छ यायचा, असा खडा, की देवचंद मनात म्हणायचा, नवीन नोझल बसवल्यासारखा लागतोय. इंजिनात जास्त गोड आवाज आला की तो संशय घ्यायचा. पोरीच्या बाबतीत नाही घेतला, कारण तो आवाज त्याला हवा होता.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, विहारात ग्रंथवाचन असतं, त्यानंतर कुणीतरी दोन शब्द बोलतं. त्या वर्षी एका रविवारी विषय ठेवला होता, मुलं आणि मोबाइल, आणि बोलायला देवचंद मिस्त्री. दुसरं कोण असणार! धुतलेला पांढरा सदरा घालून तो उभा राहिला आणि छान बोलला. दारूचंही लपवलं नाही. म्हणाला, "मला कुणी पहिल्या घोटाला अडवलं असतं तर मी त्याचे उपकार मानले असते. मग मी माझ्या लेकरांना का अडवू नये?" टाळ्या पडल्या. ज्योती नावाची एक आई उठून म्हणाली, "भाऊ, शाळाच अभ्यास मोबाइलवर पाठवते. मग करायचं काय?"

"मोबाइल माझ्या खिशात असतो, ताई. शाळेचं आलं की दाखवतो. परत खिशात."

बायकांनी एकमेकींकडे बघून माना हलवल्या. शेवटी कौतिकनाना बोलले. म्हणाले, "देवचंदचं खरं आहे. कडक राहा. पण एवढं बघा, की पोराच्या हातून चूक झाली तर त्याला आधी घर आठवलं पाहिजे. घराचीच धास्ती वाटली तर ते कुठे जाईल?" देवचंदला हे थोडं लागलं. लोकांसमोर कशाला बोलायचं? तिसऱ्या रांगेत सपना बसली होती, ओढणी डोक्यावरून घेतलेली, मान खाली. पोरीला किती वळण आहे, असं त्याला त्याही वेळी वाटून गेलं.

त्या दिवशी ती मान कशाने खाली होती, हे ऐकाल तर अंगावर काटा येईल. सपनाकडे आठ महिन्यांपासून मोबाइल होता. मैत्रिणीचा जुना, काच तडकलेला, गव्हाच्या कोठीत खोल पुरून ठेवलेला. बघायची काय? मेंदी, रेसिप्या, गाणी, एखादी मालिका. सतरा वर्षांची पोर दुसरं काय बघणार! आणि स्वतःचे फोटो टाकायची, नवा ड्रेस घातलेले, कॉलेजच्या फाटकापाशी उभी राहिलेले. कुणीतरी एक तिथे गोड बोलायला लागला, ही चार शब्द बोलली आणि मग घाबरून गप्प झाली. त्यावर त्याने तिचा चेहरा उचलून एक फोटो बनवला. त्यात सपना एका परक्या पोराच्या गळ्यात हात टाकून बसलेली, हातात ग्लास, टेबलावर बाटल्या. 'बोलली नाहीस तर हा सगळ्या गावाला जाईल.' तीन आठवडे ती हे एकटी सोसत होती. जेवण सुटलं, अंगावरचं तेज गेलं. द्रौपदाबाईच्या ध्यानात आलं. "पोर सुकी गयी रे भाऊ," ती म्हणाली, "इचारी तर देख." देवचंद म्हणाला, बारावीचं वर्ष आहे.

ती सांगणार कुणाला, आणि कसं? धमकी सांगायची तर आधी मोबाइल सांगावा लागणार. त्या घरात मोबाइल हाच मोठा गुन्हा, धमकीपर्यंत पोचणार कोण!

भाषणानंतर तीन दिवसांनी, बुधवारी संध्याकाळी, सगळे वंदनेला बसले. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. चौथ्याला एक आवाज कमी आला. देवचंदच्या कानाने तो क्षणात टिपला. नववीनंतर सपनाने मोठ्या गोष्टीसाठी ती ओळ सोडली नव्हती. तिला दुसरी वाट राहिली नव्हती, म्हणून तिने बापानेच लहानपणी दाखवलेली वाट धरली. वंदना पुरी झाली. 'साधु, साधु, साधु.'

"सपना. काय?"

"पप्पा, माझ्याकडे मोबाइल आहे. आणि..."

ती 'आणि' म्हणाली होती. हे त्याला त्या वेळी ऐकूच आलं नाही. आज मात्र दिवसातून दहादा ऐकू येतं. त्या वेळी त्याच्या डोक्यात फक्त विहारातल्या टाळ्या होत्या, तिथे ठोकलेलं भाषण होतं, आणि तिने बोट दाखवल्यावर कोठीतल्या गव्हात हात घालून सविताने बाहेर काढलेला तो तडकलेला मोबाइल. गॅरेजात मालकाला गप्प करून गाडीला बोलू देणारा माणूस, त्याने पोरीला एक शब्द पुढे बोलू दिला नाही. "चूप! एक अक्षर नको!" म्हणून तो मोबाइल मुठीत घेऊन तडक गॅरेजात गेला. ऐरणीवर ठेवला. हातोडा उचलला तेव्हा मोबाइल दोनदा थरथरला, कुणाचा तरी निरोप आला होता. एरवी इंजिनातलं टॅपेट जरा वाजलं तरी हातचं काम टाकणारा देवचंद, तेव्हा मात्र थांबला नाही. चार घाव घातले. तुकडे एका डब्यात टाकले आणि घरी येऊन पोटभर जेवला. आपण वेळेवर आग विझवली, असं त्याला वाटत होतं.

सपना उठली. तिने ताट धुऊन ठेवलं.

तिकडे त्या हरामखोराला उत्तर यायचं बंद झालं. त्याला वाटलं, पोरगी जुमानत नाही. नऊ दिवसांनी त्याने फोटो सोडून दिला.

त्याच दिवशी दुपारी मगन आला गॅरेजात, जुनं गिऱ्हाईक, गिरणाकाठचा शेतकरी, सज्जन माणूस. गाडी काही नव्हती. इकडचं तिकडचं बोलला, चहा नको म्हणाला, आणि शेवटी मोबाइल पुढे करून म्हणाला, "मिस्त्री, रागावू नका. आमच्या भाच्याच्या ग्रुपवर आलं. ही आपली सपना तर नाही ना?"

देवचंदने बघितलं. चेहरा सपनाचा. हातात ग्लास. टेबलावर बाटल्या. बाकी काही असतं तर तो कदाचित थांबला असता, पण बाटल्या! ज्याच्यातून आपण रक्त ओकून बाहेर आलो ते पोरीच्या हातात! फोटो जोडून बनवता येतो, हे त्याला माहीत नव्हतं. माहीत होणार कुठून? असलं काही घरात दिसूच द्यायचं नाही, यात त्याची बारा वर्षं गेली होती. प्रशीललाही शाळेतल्या पोरांकडून ठाऊक होतं, बापाला नव्हतं. त्याच्या लेखी डोळ्यांना दिसलं ते झालं.

घरी जाऊन त्याने सपनाला मारलं. कधी नव्हे ते, दार लावून, कमरेच्या पट्ट्याने. सविता दार बडवत होती. सपना ओरडली नाही, हात आडवा धरला नाही. शेवटी तो दमला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी त्या दिवशी गप्प राहिले होते ना, पप्पा."

त्याला काही कळलं नाही. द्रौपदाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "सारा गावना मशिनीस्नं ऐकस तू. हाऊ मशीनना कान शे, देवचंद. बापना नही."

संध्याकाळी धुळ्याहून सविताचा भाऊ राजदीप आला. कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर असतो तो. त्याने फोटो बघितला, बोटांनी मोठा केला, आणि दोन मिनिटांत मान वर केली. "दाजी, खोटा आहे हा. चेहरा तेवढा तिचा. ही मान बघा, हा रंग बघा, जुळतो का? पोरीला आधी विचारायचं तरी!" मग सपनाजवळ जाऊन बसला आणि हळूच विचारलं. तीन आठवडे आणि नऊ दिवस जे पोटात होतं ते तिने मामाला सांगितलं. बाप तिथेच, हाताच्या अंतरावर, खाटेच्या कडेला बसून ऐकत होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"मोबाइल कुठाय?" राजदीप म्हणाला. "धमक्या सगळ्या त्यात असतील. तो लागेल."

सगळ्यांनी देवचंदकडे बघितलं.

तक्रार झाली. पोलीस ठाण्यातल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि मोबाइल मागितला. देवचंदने रुमालात बांधून आणलेले तुकडे टेबलावर ठेवले. बाई त्या तुकड्यांकडे बघत राहिल्या, मग त्याच्याकडे. त्यांनी काही विचारलं नाही, हे त्याला जास्त लागलं. ज्याने हे केलं तो नंबर बंद करून कुठे गेला, आजवर कळलेलं नाही. गावात असेल, रोज गॅरेजावरून जात असेल, कुणी सांगावं!

फोटो खोटा आहे हे राजदीपने ज्याला त्याला समजावलं, कौतिकनानांनी विहारात उभं राहून सांगितलं. पण खोटी गोष्ट घरोघर जाते तशी खरी जात नाही. सपना कॉलेजात गेली दोन दिवस, तिसऱ्या दिवशी गेली नाही. बारावी राहिली. दिवाळीच्या सुमारास मामाने तिला धुळ्याला नेलं. निघताना ती आजीच्या पाया पडली, आईच्या गळ्यात पडली, प्रशीलच्या डोक्यावरून हात फिरवला. बापाला म्हणाली, "जयभीम." परक्या माणसाला म्हणावं तसं.

त्यानंतर देवचंदने पुष्कळ केलं, ते ऐकून कुणालाही कीव येईल. एक मोठा टीव्ही आणला आणि स्वतः भिंतीला लावला. कुणी लावत नाही तो. प्रशील लावतो कधीकधी, पण अंगणात बापाच्या चपला वाजल्या की बंद करतो. देवचंद म्हणतो, "अरे, बघ की!" पोरगा म्हणतो, "नको, झालं बघून." धुळ्याला राजदीपच्या हाती सपनासाठी नवा मोबाइल पाठवला. तो तिने ठेवून घेतला, आणि रविवारी त्याच्यावरून आईला फोन करते. बाप विचारतो, "कशी आहेस?" ती म्हणते, "बरी आहे, पप्पा." "काही लागतं का?" "नाही, पप्पा." एका दवाखान्यात केसपेपर लिहायला बसते ती. गॅरेजात कुणी विचारलं तर देवचंद सांगतो, "नर्सिंग करतेय धुळ्याला. हुशार आहे." असं तो किती जणांना सांगून बसला!

घरची ती रीतही मोडली. वंदना होते, पण 'काय?' असं तो कुणाला विचारत नाही.

दीड वर्षाने, वैशाखात, द्रौपदाबाईने अंथरूण धरलं आणि सारखा एकच धोशा लावला, सपनाले बलाव, सपनाले बलाव. सपना आली. रंग उजळलेला, केस कापलेले, बोलणं नीटनेटकं. आजीचे पाय चेपले, आईला भाकऱ्या टाकून दिल्या, बापाला पाण्याचा तांब्या आणून दिला. देवचंद दिवसभर गॅरेजात गेला नाही. तिच्या मागे मागे घरातून अंगणात, अंगणातून घरात. दोनदा तोंडापर्यंत आलं, 'पोरी, त्या दिवशी तू "आणि" म्हणालीस, त्याच्यापुढे काय होतं, आता सांग.' पण कसं विचारणार? काय होतं ते तर सगळ्यांना माहीत होतं. त्याला ते तिच्या तोंडून, त्याला म्हणून सांगितलेलं, ऐकायचं होतं.

"धुळ्याला बरं वाटतं ना तुला?" त्याने विचारलं.

"हो, पप्पा."

"माझ्यावर राग आहे?"

"नाही हो पप्पा. कसला राग!"

संध्याकाळी मेणबत्ती लागली. द्रौपदाबाई अंथरुणावरच हात जोडून, सविता, प्रशील, सपना चटईवर, पुढे देवचंद. कितीतरी दिवसांनी घरातले सगळे आवाज एकत्र आले. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. आणि चौथ्याला सपनाचा आवाज वर आला. स्वच्छ, खडा, खणखणीत, कुठे तडा नाही. देवचंदने डोळे मिटले होते. त्या आवाजाचा अर्थ आता त्याला कळत होता. नाही म्हणाली ती, बरं आहे म्हणाली ती, राग नाही म्हणाली ती. सगळ्यावर तिने हा आवाज असा घट्ट बसवला होता. आता आतलं काही कधी बाहेर येणार नव्हतं, निदान त्याच्यापर्यंत तरी नाही. त्याचा आवाज थांबला. थांबला तो त्याने तसाच थांबू दिला. ओठ मिटून घेतले. बघा, मी गप्प आहे. मी खोटं बोलतो, गावाला सांगतो पोरगी नर्सिंग करते. मी तेव्हा ऐकलं नाही. विचारा मला.

सविताच्या ध्यानात आलं, तिने एकदा वळून बघितलं. प्रशीलनेही बघितलं आणि घाईने मान फिरवली. सपनाने बघितलं नाही, पण तिला कळलं असणार, कान तिलाही बापाचाच होता.

वंदना पुरी झाली. सगळे 'साधु, साधु, साधु' म्हणाले. देवचंद हात जोडून तसाच बसून राहिला आणि वाट बघत राहिला, की कुणीतरी म्हणेल, "काय?"

पण त्या घरात हे विचारणारा एकटा तोच होता. सविता भाकरी वाढायला उठली. सपनाने मेणबत्ती जरा बाजूला सरकवली, चटई गुंडाळली आणि म्हणाली, "पप्पा, उठा, जेवून घ्या."

तो उठला आणि जेवायला बसला.